घारी मोजून काय मिळतंय? मार्चमध्ये परत निघालेल्या शिकारी पक्ष्यांच्या मोजणीची गोष्ट

मार्च लागला की माझं एक काम ठरलेलं असतं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गाडी काढायची, सोलापुरातून बार्शी रोडने नान्नजच्या बाजूला जायचं आणि मामाच्या रानाच्या बांधावर बसून पलीकडच्या माळाकडे बघत राहायचं. शाळू निघालेला असतो, कडब्याच्या गंज्या लागलेल्या असतात, रानात बघण्यासारखं आता काय राहिलंय असं मामाचं म्हणणं. पहिल्या वर्षी तो तीन दिवस काही बोलला नाही, चौथ्या दिवशी चहा घेऊन आला आणि शेजारी बसत म्हणाला, "आरं, रोज येऊन वहीत काय लिहितोयस तू? घारी मोजून काय मिळतंय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आणि मामा एकटाच विचारतो असं नाही, दर वसंतात मोबाईलवर कुठले कुठले व्हिडिओ फिरतात, आकाशात शेकडो गरुड गोल गोल फिरतायत, खाली डोंगरावर माणसं खुर्च्या टाकून बसलीयत, डोळ्याला दुर्बीण, हातात ते जप मोजायचं बटणाचं मशीन, टिक टिक टिक. मग आपल्याकडची माणसं विचारतात की हे लोक करतायत काय नेमकं, आणि याचा उपयोग काय. त्या दिवशी मामाला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

कोण निघालंय आणि कुठे

शिकारी पक्षी म्हणजे गरुड, ससाणे, घारी, शिक्रे, भोवत्या, गिधाडं ही सगळी मंडळी. वाकडी चोच, मजबूत पंजे, नजर तेज. यातले काही आपले बारमाही रहिवासी आहेत, म्हणजे विजेच्या तारेवर बसलेली ती पांढरी-राखाडी, लाल डोळ्याची कापशी वर्षभर इथेच असते, शिक्रा पण इथलाच. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बरेच जण बाहेरून येतात, रशियाच्या दक्षिणेकडून, कझाकस्तानातून, मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून. तिकडे बर्फ पडला की टोळ, सरडे, उंदीर, छोटे पक्षी सगळं गायब होतं, मग खाणार काय? म्हणून ते खाली येतात. आपल्याकडे तेव्हा पावसाळा नुकताच संपलेला असतो, माळावर गवत गुडघाभर, नाकतोडे मुबलक.

आणि मग हुरडा संपला, ऊन चढायला लागलं, की हेच पक्षी परत निघतात. मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक सगळे गेलेले असतात. सोलापूर ते कझाकस्तानचा उत्तर भाग सरळ रेषेत धरला तरी साडेतीन-चार हजार किलोमीटर होतात, आणि पक्षी काही सरळ रेषेत जात नाही, हिमालय, वाळवंट, वारा सगळं बघून वळसे घेत जातो.

आपल्या माळावरचा खरा पाहुणा म्हणजे भोवत्या, म्हणजे हॅरिअर. सडपातळ अंग, लांब पंख, लांब शेपूट, आणि उडण्याची पद्धत अशी की जमिनीपासून माणूसभर उंचीवर, पंख जरा वर उचललेले, व्ही आकारात, गवतावरून तरंगत तरंगत जातो, मधेच गर्रकन वळतो आणि खाली झेप घेतो. आपल्याकडे मुख्यतः तीन दिसतात, माँटेग्यू हॅरिअर, पॅलिड हॅरिअर आणि पाणथळ जागेवर राहणारा मार्श हॅरिअर, जो हिप्परगा तलावाच्या किंवा उजनीच्या बाजूला जास्त भेटतो. पहिल्या दोघांतले नर राखाडी, पंखांची टोकं काळी. माद्या तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, आणि दोन्ही जातींच्या माद्या इतक्या सारख्या दिसतात की लांबून भलेभले गडबडतात.

वावटळ बघितलीय ना, मग थर्मल कळलं

आता एक गोष्ट समजून घेतली की बाकीचं सगळं सोपं जातं. ती म्हणजे एवढा जड पक्षी चार हजार किलोमीटर जातो कसा. पंख मारत मारत जायचं म्हटलं तर त्याची ताकद वाटेतच संपेल. स्टेपी गरुडाचं, म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून येणाऱ्या मोठ्या गरुडाचं, वजन दोन-तीन किलोच्या घरात असतं, एवढं ओझं दिवसभर पंखांनी ओढायचं म्हणजे सायकलवर पोतं घेऊन घाट चढण्यासारखं आहे.

तर मार्च-एप्रिलमध्ये दुपारी रानात वावटळ उठते ती सगळ्यांनी बघितलेली आहे. नांगरून ठेवलेली काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा तापते, तापलेली हवा हलकी होते आणि वर उठते, आणि उठताना गोल फिरली तर पाचोळा, धूळ सगळं घेऊन वर जाते. ही वर चढणारी गरम हवा म्हणजेच थर्मल. वावटळीत धूळ असते म्हणून ती दिसते एवढंच, बाकी बहुतेक थर्मल डोळ्यांना दिसत नाहीत, पण तापलेल्या जमिनीवर, खडकाळ माळावर, डांबरी रस्त्यावर ते दिवसभर उठत असतात. उसाच्या हिरव्या रानावर, पाण्यावर जमीन तितकी तापत नाही, तिथे ते कमजोर.

गरुड काय करतो, असा थर्मल सापडला की त्यात शिरतो आणि पंख पसरून गोल गोल फिरत राहतो. पंख हलवत नाही. हवाच त्याला उचलते, बघता बघता तो ठिपक्याएवढा होतो. वर पोचला की पंख जरा मागे घेतो आणि ज्या दिशेला जायचंय तिकडे सरळ घसरत जातो, कित्येक किलोमीटर, हळूहळू खाली येत, आणि खाली येईस्तोवर पुढचा थर्मल गाठतो. एका एसटीतून उतरून दुसरी पकडावी तसं. आकाशात घारी-गरुडांचा घोळका गोल फिरताना दिसतो तो बहुतेक वेळा असा थर्मलमध्ये वर चढत असलेला असतो, त्यावरून भूकंप येणार किंवा अमुक होणार असं काही नसतं.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. एक म्हणजे हा प्रवास दिवसाच होतो, सकाळी नऊ-साडेनऊला जमीन तापायला लागली की सुरू आणि संध्याकाळी हवा थंड झाली की मुक्काम. दुसरी म्हणजे मोठ्या गरुडांना समुद्र नको असतो. पाण्यावर थर्मल जवळजवळ नाही, म्हणजे तिथे सगळा प्रवास पंख मारून. म्हणून ते शक्य तेवढं जमिनीवरून जातात आणि समुद्र ओलांडायचाच असेल तर सगळ्यात अरुंद जागा शोधतात.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात तसं

आळंदीहून एक पालखी येते, देहूहून एक येते, आणखी कुठून कुठून येतात, सगळ्यांचे रस्ते वेगळे, मुक्काम वेगळे, पण पंढरपूरच्या आधी वाखरीला सगळ्या एकत्र होतात. आता समजा कुणाला यंदा किती पालख्या आल्या ते मोजायचंय, तर तो महाराष्ट्रभर फिरत बसेल का? वाखरीला जाऊन उभा राहील.

शिकारी पक्ष्यांच्या पण अशा वाखऱ्या आहेत. आफ्रिकेतून युरोप-आशियाकडे परतणारे पक्षी लाल समुद्र आणि भूमध्य समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवरून जातात, त्यामुळे इस्रायलच्या दक्षिण टोकाला एलाट नावाच्या गावाजवळ वसंतात काही वर्षी दहा लाखांच्या वर शिकारी पक्षी मोजले गेलेत. जॉर्जियात काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या मधे बातुमी आहे, तिथे पानगळीच्या हंगामात दहा लाखांच्या वर. मेक्सिकोत वेराक्रूझला तर त्याच्या कितीतरी पट. जिब्राल्टर, इस्तंबूलची सामुद्रधुनी, पनामा, सगळीकडे हाच हिशोब, एकीकडे पाणी, दुसरीकडे पाणी किंवा उंच डोंगर, आणि मधून सगळी गर्दी. आपल्या बाजूला म्हणाल तर हिमालयाच्या पायथ्याच्या रांगांवरून, हिमाचलातल्या धरमशाळेच्या परिसरात, नेपाळात, स्टेपी गरुड रांगेने जाताना लोकांनी मोजलेत.

तिथे मोजणारा माणूस मनातल्या मनात एक रेघ ठरवतो, या शिखरापासून त्या टॉवरपर्यंत, आणि रेघ ओलांडून गेला तो एक. टोलनाक्यासारखं. घोळका थर्मलमध्ये फिरत असताना मोजायचा नाही, कारण कोण वर, कोण खाली, डोळा फिरतो. ते वर जाऊन एकामागे एक घसरायला लागले की माळेतल्या मण्यांसारखे निघतात, तेव्हा मोजायचे, बटण दाबत.

मग सोलापुरात कसलं मोजणार?

हा प्रश्न मला पक्षी बघणाऱ्या लोकांनी पण विचारलाय. सोलापूर म्हणजे सपाट पठार, ना घाट ना समुद्र, इथे वाखरी कुठली. आणि भोवत्या तर आणखी वेगळा. तो हलका असतो, पंख लांब, त्यामुळे तो थर्मल वापरतो पण त्यावर अडून बसत नाही, पंख मारत पण जातो, पाण्यावरूनही जातो. म्हणून भोवत्ये एका रस्त्याने जात नाहीत, रुंद पसरून जातात, मोर्चा रस्त्यावरून न जाता सगळ्या शेतांतून गेला तर कसा दिसेल तसं. त्यांना टोलनाक्यावर पकडता येत नाही.

पण त्यांची एक सवय आपल्या उपयोगाची आहे. दिवसभर भोवत्या एकटा फिरतो, दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत शिकार करतो, पण रात्री झोपायला सगळे एका ठिकाणी येतात. आणि झाडावर नाही, तर जमिनीवर, उंच गवतात. सूर्य मावळायच्या आधी तासभर बघा, एक एक करून चारही दिशांनी येतात, गवतावर फिरतात, एकमेकांच्या मागे लागतात, आणि अंधार पडता पडता एक बसला, दोन बसले, गवतात गडप. सकाळी परत उठून पांगतात. याला मुक्कामाची जागा म्हणू. म्हणजे टोलनाका नाही तर नाही, आपण लॉजचं रजिस्टर बघायचं, आज रात्री किती वस्तीला आले.

जगभरात भोवत्यांची गणती अशीच होते. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरला काळविटांचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे नव्वदच्या दशकात एकेका संध्याकाळी हजाराच्या वर भोवत्ये मुक्कामाला उतरलेले मोजलेत, जगातला सगळ्यात मोठा मुक्काम मानायचे तो. नंतरच्या वर्षांत तिथला आकडा बराच खाली आला आणि हे कळलं ते आधीच्या मोजण्या लिहून ठेवलेल्या होत्या म्हणूनच. आपल्याकडचे मुक्काम त्यामानाने छोटे, पण माझ्या मते छोट्या मुक्कामाची नोंद जास्त महत्त्वाची, कारण मोठ्या जागेवर संशोधक जातातच, छोट्या जागेवर बांधावर बसणारा माणूस असेल तरच नोंद, नाहीतर नाही.

वसंतातच का, थंडीत मोजलं तर चालणार नाही का

चालतं, आणि मोजतात पण. पण दोन्ही हंगामांचे आकडे वेगळी गोष्ट सांगतात. पावसाळ्यानंतर येणाऱ्या थव्यांत त्या वर्षी जन्मलेली पिल्लं असतात, त्यामुळे तो आकडा सांगतो की तिकडे यंदा वीण कशी झाली. वसंतात परत निघणारा आकडा सांगतो की आपल्याकडच्या सहा महिन्यांत किती जगले. शाळेचा पट जूनमध्ये किती होता आणि वार्षिक परीक्षेला किती बसले, तसं. दोन्ही आकडे असतील तर गळती कळते, आणि गळती कुठे झाली हे पण कळतं, त्यांच्या देशात की आपल्या.

शिवाय वसंतात पक्षी घाईत असतो. घरटं करायचंय, जागा धरायचीय, उशीर झाला तर चांगली जागा दुसरा घेतो. म्हणून येताना रमतगमत आलेला पक्षी जाताना भराभर जातो, आणि पाडव्याच्या आसपास एखाद्या संध्याकाळी मुक्काम अर्धा रिकामा झालेला दिसतो. कोणत्या तारखेला रिकामा झाला हे दरवर्षी लिहून ठेवलं की ऊन लवकर वाढणं, गवत लवकर वाळणं याच्याशी ती तारीख सरकते का ते पुढे बघता येतं. एका वर्षाच्या तारखेला काही अर्थ नाही, दहा वर्षांच्या तारखांना आहे.

"पण तोच पक्षी दोनदा मोजला तर?"

मामाचा दुसरा प्रश्न हाच होता, आणि मला आवडला, कारण मोजणीचा सगळा जीव यात आहे.

टोलनाक्यावर रेघेचा नियम असतो, पुढे गेला तर एक मिळवायचा, परत मागे आला तर एक वजा करायचा. मुक्कामावर नियम वेगळा. भोवत्या बसतो, उठतो, परत बसतो, त्यामुळे हवेतले मोजायचे नाहीत, तर बाहेरून आत येणारे मोजायचे. आम्ही दोघं असलो तर पाठीला पाठ लावून बसतो, पूर्व-उत्तर तुझी, पश्चिम-दक्षिण माझी, आणि आपल्या बाजूने माळात शिरला तोच आपला. शेवटी दोघांची बेरीज. पहाटे उठतानाही एकदा मोजलं तर ताळा होतो.

आणि रोजच्या आकड्यांची बेरीज कधीच करायची नाही, ही चूक फार लोक करतात. समजा सोमवारी २० बसले आणि मंगळवारी २० बसले तर ४० भोवत्ये झाले का? नाही, तेच २० असतील. म्हणून मुक्कामाच्या मोजणीत त्या हंगामातला सगळ्यात मोठा आकडा आणि तो कुठल्या तारखेचा, हे धरतात.

"आणि चुका? हौशी माणसाला काय कळतं?"

चुका होतात, मान्यच आहे. अंधारात एखादा सुटतो, कापशीला भोवत्या समजलं जातं, माद्यांच्या जाती तर मी स्वतः बहुतेक वेळा लिहितच नाही, "भोवत्या मादी, जात कळली नाही" एवढंच लिहितो आणि तेच बरोबर आहे. न कळलेलं कळलं म्हणून लिहिणं ही खरी चूक.

पण एक समजून घ्या. दुकानातला वजनकाटा शंभर ग्रॅम जास्त दाखवतो असं धरा, तरी दर महिन्याला त्याच काट्यावर उभं राहिलं तर वजन वाढलं की घटलं हे कळतं ना? मोजणीचं पण तसंच. नेमके किती, हे सांगायचा दावा नसतो. गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त, हे सांगायचं असतं. फक्त काटा तोच पाहिजे. म्हणजे तीच जागा, तीच वेळ, तेवढीच माणसं, तेवढेच तास. एका वर्षी एकटा अर्धा तास बसलो आणि पुढच्या वर्षी सहाजण दोन तास बसलो, आकडा वाढला, तर भोवत्ये वाढले की डोळे वाढले? म्हणून किती वेळ बसलो, किती जण होतो, हवा कशी होती, हे आकड्याच्या शेजारी लिहायलाच पाहिजे. माझ्या मते नुसता आकडा लिहिलेली वही आणि हिशोब नसलेली पावती सारखीच.

"सॅटेलाइटच्या जमान्यात वही-पेन कशाला?"

सॅटेलाइट टॅग म्हणजे पक्ष्याच्या पाठीवर बसवलेलं छोटं यंत्र, त्याच्यावरून तो कुठे आहे ते कळत राहतं. त्याने अफाट गोष्टी कळल्यात. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात पकडले जातायत हे उघड झालं, मग तिथल्या गावांनीच शिकार बंद केली, आणि २०१३ मध्ये तीन ससाण्यांना टॅग लावले, नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. तेव्हा कळलं की मूठभर वजनाचा हा पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत जातो. भारतात टॅग लावलेले भोवत्ये पण कझाकस्तानात पोचलेले दिसलेत.

पण टॅग सांगतो एक पक्षी कुठे गेला. एकूण किती आहेत, हे टॅग सांगत नाही. तुमच्या मुलाच्या मोबाईलचं लोकेशन तुम्हाला कळतं, त्यावरून सोलापूरची लोकसंख्या कळते का? त्यासाठी कुणीतरी दारोदार जाऊन मोजावंच लागतं. रस्ता टॅगवरून आणि संख्या मोजणीवरून, दोन्ही लागतात.

मोजून खरंच कधी काही झालंय का?

झालंय, आणि हे उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. पूर्वी लोक तिथे सुट्टीच्या दिवशी बंदुका घेऊन जायचे आणि वरून जाणारे ससाणे, गरुड टिपायचे, ढीग पडायचा खाली. १९३४ साली रोझली एज या बाईंनी तो डोंगर भाड्याने घेतला, शिकार बंद केली आणि तिथे मोजणी सुरू झाली. कुणाला वाटलं असेल, काय उपयोग आकडे लिहून. पण पंचवीस-तीस वर्षांनी जेव्हा डीडीटी या कीटकनाशकावर वाद पेटला, तेव्हा रेचल कार्सन या लेखिकेने त्याच वह्यांतले आकडे पुढे ठेवले. १९३५ ते १९३९ मध्ये तिथून जाणाऱ्या टकल्या गरुडांत, म्हणजे बाल्ड ईगलमध्ये, शंभरात चाळीस तरुण पक्षी असायचे. १९५५ ते १९५९ मध्ये शंभरात वीस. आणि १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच तरुण.

गरुड मरत होते असं वरून दिसत नव्हतं, मोठे गरुड उडतच होते. पण पिल्लं येत नव्हती. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ व्हायची आणि आई उबवायला बसली की फुटायची, हे कारण पुढच्या अभ्यासांतून सिद्ध झालं. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली आणि गरुड परत वाढले, इतके की २००७ साली त्यांचं नाव तिथल्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. डोंगरावर बसून वय ओळखून नुसत्या रेघा मारणाऱ्या माणसांची वही नसती तर "पूर्वी किती होते" या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आपल्याकडे गिधाडांच्या बाबतीत हाच धडा फार महाग पडला. गुरांना द्यायचं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची किडनी जायची. काही जातींची गिधाडं शंभरातली पंचाण्णवच्या वर संपली तेव्हा जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. राजस्थानात बिकानेरजवळ मेलेल्या स्टेपी गरुडांत पण तेच औषध सापडलंय, आणि स्टेपी गरुड २०१५ पासून जागतिक यादीत "धोक्यात" या गटात आहे. पाहुणा म्हणून आलेला पक्षी आपल्या अंगणातल्या विषाने मरतोय हे मला फार लागतं.

मामाला यातून काय?

मामाला मी एक दिवस मुक्कामाच्या जागेच्या कडेला पडलेली एक गोळी दाखवली. शिकारी पक्षी जे खातो त्यातलं न पचलेलं, केस, हाडं, किड्यांची कवचं, ते गोळी करून तोंडावाटे टाकतो. ती फोडली तर आत टोळ-नाकतोड्यांचे पाय, उंदराचे केस, छोटी हाडं. मामा दोन मिनिटं त्या पायांकडे बघत बसला. "हे म्हंजे आपल्या रानातलंच खातंय की ओ," एवढंच म्हणाला. आता शेजारचे कुणी म्हणाले की हे पक्षी कोंबडीची पिल्लं नेतात, तर तोच सांगतो की ते दुसरे, हा नाकतोडे खाणारा.

पण खरी अडचण रानात नाही, माळात आहे. सरकारी कागदावर माळाला "पडीक" म्हणतात. पडीक म्हटलं की कुणालाही वाटतं इथे काहीतरी करून दाखवावं, नांगरावं, ऊस लावावा, सोलरच्या प्लेटा टाकाव्यात, नाहीतर चांगल्या मनाने झाडं लावावीत. झाडं लावणं चुकीचं कसं असेल असं वाटतं, मला पण आधी वाटायचं. पण भोवत्याला उघडा माळ लागतो, उंच गवत लागतं. माळावर झाडी दाट केली की भोवत्या गेला, माळावर पळणारा धाविक पक्षी गेला, काळवीट गेलं. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी जाहीर झालं, कागदावर तेव्हा ८४९६ चौरस किलोमीटर होतं, नंतर कमी करून १२२२ च्या आसपास आणलं, आणि माळढोक तर आता दिसणं मुश्कील झालंय. भोवत्या अजून येतो. तो येतोय तोपर्यंत मोजलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण माळढोक भरपूर होता तेव्हा अशा बांधाबांधावरच्या वह्या किती कमी होत्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेला माळ पेटवून देतात, नवीन गवत चांगलं येतं म्हणून. नेमकं त्याच महिन्यात हे पक्षी त्या गवतात रात्री झोपलेले असतात. पेटवणारा माणूस वाईट नसतो, त्याला माहीतच नसतं की आत कोण आहे. हे सांगायला आकडा फार कामाला येतो. "इथे पक्षी असतात" म्हटलं की लोक मान हलवतात आणि विसरतात, "काल रात्री या तुकड्यात इतके झोपले होते" म्हटलं की थांबतात.

आणि विमानाचं पण आहे. इस्रायलच्या हवाई दलाची विमानं पूर्वी स्थलांतराच्या दिवसांत पक्ष्यांना धडकून पडायची, योसी लेशेम या पक्षीशास्त्रज्ञाने थवे कुठल्या तारखांना, कुठल्या वेळी, किती उंचीवरून जातात याचे नकाशे करून दिले, वैमानिकांनी त्या वेळा टाळल्या आणि धडका फार कमी झाल्या. आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये विमानं परत उडायला लागली, तेव्हा आकाशात कोण कधी असतं हे माहीत असणं आपल्याही कामाचं आहे.

बसायचं असेल तर

दुर्बीण असेल तर उत्तम, ८ बाय ४२ ची साधी पण चालते, नसेल तरी भोवत्याची चाल डोळ्यांना कळते. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचायचं, मार्चच्या मध्यात आपल्याकडे साडेसहाच्या पुढे मावळतो. सूर्याकडे पाठ करून बसायचं, कपडे मातकट, मोबाईल सायलेंट. मुक्कामाच्या गवतात पाय टाकायचा नाही, दोनशे-तीनशे मीटर लांबूनच बघायचं, एकदा उठवलेला पक्षी अंधारात दुसरी जागा शोधत फिरतो. अभयारण्याच्या आत जायला वनखात्याची परवानगी लागते, पण बाहेर रस्त्याच्या कडेने, शेतकऱ्याला विचारून बांधावर बसता येतं. नक्की जागा ग्रुपवर टाकू नका, फोटोसाठी गाड्या गवतात शिरतात. नोंद ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाकायची, तिथे संवेदनशील जागेचं नेमकं ठिकाण न देता मोठा परिसर लिहिता येतो, आणि तुमचे आकडे इतरांच्या आकड्यांना जोडले जातात.

आणि वहीत तारीख, वेळ, किती जण, वारा कुठला, ढग किती, मग आकडा. एप्रिलमध्ये एक संध्याकाळ अशी येते की सूर्य मावळतो, टिटव्या ओरडतात, गवतावर कुणीच येत नाही. पहिल्या वर्षी मी त्या दिवशी काहीच न लिहिता घरी आलो होतो आणि नंतर फार वाईट वाटलं, कारण नंतर वही उघडल्यावर कळेना की त्या दिवशी पक्षी नव्हते की मीच गेलो नव्हतो. आता मी त्या दिवशी पण पूर्ण वेळ बसतो, अंधार पडेपर्यंत, आणि ० लिहितो. दुसऱ्या दिवशी परत जातो, परत ० आला तर तोही लिहितो. गेल्या वर्षी मी जाईस्तोवर मामाच जाऊन बसला होता. वही माझ्याकडे होती म्हणून त्याने पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, तारीख, पावणेसहा ते सात, एकटा, वारा पश्चिमेचा, एक पण नाही.